अर्धा राहिलेला मजला

जयनगरातल्या आमच्या घरावर दादाच्या लग्नासाठी वरचा मजला चढत होता. भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या, तेवढ्यात दादा स्कूटरवरून पडला आणि गेला. काम तिथेच थांबलं. पुढे दोन वर्षं ते आठ खांब माथ्यावर गंजक्या सळया घेऊन उभे होते. एका सकाळी आई गच्चीवरून खाली आली आणि अप्पांना म्हणाली, "ते वरचं काढून टाका. मला बघवत नाही."

अप्पा नुसतं कन्नडमधलं "सरी" म्हणाले. निपाणी सोडून तीस वर्षं झाली होती, 'बरं' त्यांच्या तोंडून गेलंच होतं.

पाडणारा शोधायचं माझ्यावर आलं. जो येई तो खांबावर थाप मारून म्हणे, "अक्का, एवढं चांगलं काम का पाडता? पुरं करा, भाड्यानं द्या." मग दादाचं सांगावं लागे. तिघांना सांगितलं. प्रत्येक जण चुकचुकला आणि पुन्हा तेच म्हणाला. चौथ्यानं काहीच विचारलं नाही. तेवढ्यावर भाळून मी त्याला काम दिलं. त्याच्या माणसांनी पहिल्याच दिवशी घण घालून एक भिंत आडवी केली आणि खाली स्वयंपाकघरात छताचं प्लास्टर आईच्या पुढ्यात कोसळलं. तिला लागलं नाही. पण मी जाब विचारला, आणि दुसऱ्या दिवसापासून तो माणूस फिरकलाच नाही.

मग मी जुनी दारं-खिडक्या विकणाऱ्या एका दुकानात गेले. कुठल्या पाडणाऱ्याकडच्या चौकटी न फुटता येतात, हे त्या दुकानदाराला ठाऊक असणार, असं वाटलं. त्यानं एका म्हाताऱ्या मेस्त्रीचं घर सांगितलं.

मेस्त्री आला तो आधी वर गेलाच नाही. खालच्या खोल्यांतून हिंडला, स्टुलावर चढून छतावरून तळवा फिरवला, प्लास्टर पडलं तिथला तडा कुठवर गेलाय ते पाहिलं. मग कन्नडमध्ये म्हणाला, "घण नाही लावायचा. छिन्नीनं काढू. माल वरून टाकायचा नाही, घमेल्यांतून उतरवायचा. चार दिवस लागतील."

लागले नऊ. सहाव्या दिवशी अप्पा पहिल्यांदा वर गेले. मी चहा घेऊन मागोमाग होते. छिन्नीनं नुसते टवके उडत होते, खांब हटत नव्हता.

"एवढा वेळ का?" अप्पांनी विचारलं.

मेस्त्रीनं घाम पुसला. "यजमान्रे, काँक्रीट फार घट्ट आहे. इतकं पाणी मारलेलं काम हल्ली मिळत नाही. कोण होता पाणी मारायला?"

दादाच होता. रोज ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाइप धरून उभा राहायचा, खांबांना गुंडाळलेली पोती भिजवायचा.

"माझा मुलगा," अप्पा म्हणाले. आणि तिथेच, विटांच्या ढिगावर बसून हुंदके देऊन रडले. दादा गेला तेव्हाही ते असे रडले नव्हते. मेस्त्रीनं हातानं खूण करून माणसांना थांबवलं. मग अप्पाच उठले आणि म्हणाले, "चालू द्या."

नवव्या दिवशी गच्ची झाडून, तडा बुजवून मेस्त्री गेला. जाताना आईला नमस्कार करून गेला. काम इतकं नीट झालं होतं, की तिथे काही होतं हे परक्याला कळलंही नसतं.

आईला बरं वाटेल, असं मी धरून चालले होते. आठवड्यानं एका दुपारी भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "तू तरी मला अडवायचं होतंस."

"तूच म्हणालीस ना, बघवत नाही."

"म्हणाले खरं. पण त्याची खोली कुठली, दार कुठं येणार, ते तरी कळत होतं गं. आता बघायला काय आहे?"

मी तिच्या पुढ्यातली अर्धी मेथी ओढून घेतली आणि निवडत बसले.