चार वाजताचं पाणी

वडील गल्लीत पडले तेव्हा त्यांना उचलायच्या आधी मी त्यांच्यावर ओरडले. बघून चालता येत नव्हतं का, असं मी म्हणाले. उभी हयात एसटी चालवलेला माणूस. लोहारा, येडशी, धाराशिव, सगळ्या रस्त्यांचे खड्डे त्यांना तोंडपाठ होते. आणि स्वतःच्या दारापासून दोन पावलांवर सिमेंटच्या वर आलेल्या कडेला अंगठा अडकून ते आडवे झाले होते. मनगट धरून बसल्या बसल्या ते एवढंच म्हणाले, "चुकलंच की." आता ते नाहीत, आणि माझं ते वाक्य मला परत घ्यायचं आहे. कितीदा तरी मनात घेऊन झालं, पण तसं घेतलेलं कुठं पोचत नाही.

आमचं गाव लोहारा तालुक्यात. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, वडील आणि मी. गल्लीतला सिमेंटचा रस्ता ऐन उन्हाळ्यात झाला, नळाला आठ दिवसांनी पाणी येत होतं तेव्हा. कंत्राटदार माल ओतून, फळी फिरवून निघून गेला. ओल्या सिमेंटला पाणी पाजावं लागतं हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. घरावर स्लॅब टाकला तेव्हा प्रत्येकानं मातीची आळी करून त्यात पाणी कोंडलं होतं, पोराबाळांना वर फिरकू दिलं नव्हतं. पण रस्ता पडला सगळ्यांचा. त्याच्यासाठी कुणी आपल्या हंड्याला हात लावला नाही, आम्हीसुद्धा नाही. दोन पावसाळ्यांत गटाराकडची बाजू खचली, रस्त्याला तडे गेले आणि पाच ठिकाणी कडा तीन तीन बोटं वर आल्या. पाहुणे ठेचकाळले की आम्ही हसायचो, इतकी ती जागा सवयीची झाली होती.

वडिलांचा चारचा नेम होता. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला चाचांचं शिलाईचं दुकान; वडील त्यांना मास्तर म्हणायचे. चाचांचा एक पाय लहानपणापासून अधू, कुबड्या घेऊन चालायचे. अशा रस्त्यावरून कुबड्या चालत नाहीत, म्हणून जायचं ते कायम वडिलांनीच. तिथं जाऊन काय करायचे म्हणाल तर काही नाही. चाचा मशीन चालवायचे, वडील बाकड्यावर बसायचे, मधे चहा व्हायचा. दोन माणसं दोन तास एकमेकांशेजारी गप्प बसू शकतात हे मी तिथं पाहिलं. घरी माझ्याशी मात्र वडील भरपूर वाद घालायचे.

प्लास्टर निघालं, मनगट बरं झालं. डॉक्टर म्हणाले, खुशाल चाला. चार वाजले की वडील चपला घालायचे, उंबऱ्यापर्यंत यायचे, त्या कडेकडे बघायचे आणि चपला काढून ठेवायचे. उद्या बघू म्हणायचे. रोजच उद्या. चाचांचा फोन यायचा, पण फोनवर दोघांची पंचाईत व्हायची. समोरासमोर गप्प बसता येतं, फोनवर कसं बसणार? जेवलात का, जेवलो, एवढ्यावर आटपायचं. मग वडील फोन हातात धरून तसेच बसायचे. मला ते बघवत नव्हतं आणि बघवत नसलं की मला राग येतो. अहो, दोनशे पावलं आहेत, असं मी त्यांना दहा वेळा तरी सुनावलं असेल.

ग्रामपंचायतीत दोन अर्ज दिले. पुढच्या कामात घेऊ, असं दोन्ही वेळा ऐकून आले. शेवटी माझ्या शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली तेव्हा मीच एक गवंडी बोलावला. तो पाचही जागा बघून आला आणि म्हणाला, काम दोन दिवसांचं नाही. एका वेळी एकच जागा करायची, म्हणजे लोकांना वाट राहील. आणि भरलेल्या प्रत्येक जागेवर आठ दिवस गोणपाट ओलं ठेवायचं. पाणी मारणार असाल तर हात लावतो, नाहीतर दुसरा माणूस बघा. साबणाचं पाणी चालणार नाही, हेही बजावलं.

पहिली जागा आमच्या दाराशीच होती. त्यानं वर आलेली कड छिन्नीनं तासली, भुगा धुऊन काढला, सिमेंटचा घोळ लावून बारीक खडीचा माल उतरता भरला आणि वरून खराटा ओढला, पाय घसरू नये म्हणून. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं पाणी माझ्याकडं आलं. दुपारी मी वडिलांना म्हणाले की मला वर्गाच्या वह्या तपासायच्या आहेत, चारचं पाणी तेवढं तुम्ही मारा. सुट्टीत कसल्या वह्या हे त्यांनी विचारलं नाही. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी मी बादलीत साठवलं होतं. खुर्ची उंबऱ्याबाहेर टाकून ते बसले आणि तांब्यानं गोणपाट भिजवलं.

दोन दिवसांनी, पहिली पाय ठेवण्याइतकी घट्ट झाल्यावर, दुसरी जागा झाली. पहिल्या जागेपासून तांब्या तिथं पोचेना, तेव्हा खुर्ची पुढं सरकली. पहिली भरलेली कड त्यांनी काठीनं टोचून बघितली, मग एक पाय ठेवला, मग दुसरा. मी दाराआडून बघत होते. बोलले असते तर सगळं बिघडलं असतं, म्हणून पदर तोंडात धरला. रस्त्यावर पाणी ओतता काय, असं म्हणणारी समोरची काकू चौथ्या दिवशी स्वतः डाळ धुतलेलं पाणी घेऊन आली. तिसऱ्या जागेपर्यंत वडील गेले, आणि तिथंच अडले. चौथीवर मी पाणी मारत होते. ते खुर्चीत बसून लांबून दुकानाकडं बघायचे.

पाचवी जागा दुकानाच्या पायरीखाली. चाचांनी निरोप धाडला, "ती माझ्याकडं लागली, बसल्या जागेवरून तांब्या मारता येतो." दुसऱ्या दिवशी चार वाजता वडील तिसऱ्या जागेवर बसून डोळ्यांवर हात धरून बघू लागले. गोणपाट ओलं असलं की काळपट दिसतं. ते पांढरं दिसत होतं. त्यांनी मला हाक मारून विचारलं, पाणी मारलं न्हाय का? मी म्हणाले, चाचा मारणार होते. वडील उठले. "काम घ्यायचं आन् करायचं न्हाय," असं पुटपुटत, काठी आपटत चौथी जागा ओलांडून गेले. बादली घेऊन मी मागोमाग होते.

"मास्तर, गोणपाट वाळून कोळ झालंय. लक्ष कुठंय तुमचं?"

चाचांनी मशीनवरचा पाय उचलला नाही. "तुमच्याकडंच होतं, डायवरसाब. भरलेली बादली हाय आत. तुम्ही येस्तवर मारायचं न्हाय म्हनलं."

वडील पायरीला धरून उभे राहिले. मग खाली बसून त्यांनी स्वतःच्या हातानं पाणी मारलं आणि हुकूम सोडला, उद्यापासून चार वाजता न चुकता मारायचं. चाचा म्हणाले, व्हय. मग चहा आला आणि दोघं पहिल्यासारखे गप्प बसले. गवंडी काम बघायला आला तेव्हा पाचव्या जागेवर केसाएवढी रेघ उमटली होती. एक दिवस वाळवलंत ना, म्हणून तो माझ्यावरच डाफरला. मी ऐकून घेतलं.

त्यानंतर दोन वर्षं वडील रोज चारला गेले. गेल्या थंडीत ते आजारी पडून गेले. महिनाभर मी शाळा सुटली की मागच्या रस्त्यानं घरी यायचे, दुकान दिसू नये म्हणून. परवाच्या रविवारी मात्र चार वाजता पाय आपोआप गल्लीत वळले. पाचही जागा पायाखालून गेल्या, कुठं म्हणून ठेच नाही. चाचा पायरीवर बसून पाचव्या जागेवर तांब्यानं पाणी मारत होते. पाणी त्या रेघेत जिरत होतं.

मी म्हणाले, "चाचा, ते कधीच पक्कं झालंय."

"मालूम हाय बेटा," ते म्हणाले. "रोज मारा म्हनले होते. बंद करा असं कधी म्हनले न्हाईत."

त्यांची बादली रिकामी झाली होती. मी घरी गेले आणि भाजी धुतलेलं पाणी घेऊन आले.