मुग्धाच्या बाळंतपणाला काकू आल्या

मुग्धा इथे परदेशात, माउंट रॉस्किलच्या आमच्या रेस्ट होममध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करते. मी तिथली नर्स. सातव्या महिन्यात ती मला म्हणाली, "कांचनताई, बाळंतपणाला काकू येतायत." चेहरा असा फुलला होता की मला नवलच वाटलं, काकूचं कुणाला इतकं कौतुक असतं? मग डबा खाताना तिने सगळं सांगितलं.

काकू म्हणजे शकु, तिची जन्मदाती. साताऱ्याकडच्या एका गावची सरपंच. दोन मुलं पदरात असताना पंचायतीसाठी नियम आला, तिसरं झालं की पद गेलं. मुग्धा तिसरी. ती पोटात असतानाच घरात ठरलं आणि जन्मदाखल्यावर मूल नसलेल्या थोरल्या जावेचं नाव लागलं. शकुने पुढे गावात नळ आणला, पोरींची शाळा दहावीपर्यंत नेली, हे खरंच. सरकारचा हेतूही चांगला असेल. पण त्या घरातलं एक माणूस काही कमी झालं नाही, फक्त एका लेकीची आई बदलली. मला तर ऐकूनच चीड आली.

एकाच अंगणात मुग्धा सख्ख्या आईला काकू म्हणत वाढली. थोरल्या आईने जीव लावला, पण तीही दोन वर्षांपूर्वी गेली. "एकदाच काकूंनी मला आपली म्हणावं," मुग्धा म्हणाली. "इथे कोण ऐकणारे?"

शकुकाकू काही महिन्यांच्या व्हिसावर आल्या. विमानतळावर डिंकाचे लाडू अधिकाऱ्याला दाखवून, सोडवून आणले. रोज मुग्धाचे पाय चेपत बसायच्या. पण राहिल्या काकूच.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी तिचा नवरा ऋतुराज कामासाठी वेलिंग्टनला होता, म्हणून गाडी मीच काढली. हॉस्पिटलात मिडवाइफने "किया ओरा" असा इथला नमस्कार करत काकूंना विचारलं, "यू आर हर मम?" एवढं इंग्रजी त्यांना कळत होतं. मुग्धा कळ सोसत त्यांच्याकडे बघत राहिली.

"आँटी," काकू म्हणाल्या.

मुग्धाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मुलगी झाल्यावर मी काकूंना बाहेर गाठलं आणि नको तेवढं बोलले. इथे कुठली पंचायत, कसली भीती, म्हटलं. त्या पदराने डोळे पुसत ऐकत होत्या.

"पंचायत सोडून सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "भीती तिची नाही. एकदा आई म्हणवून घेतलं, तर पुढच्या महिन्यात हिला पुन्हा टाकून जायचं कसं?"