सूचक की अनुमोदक?

अरविंदराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंगापूरच्या ईस्ट कोस्टला समुद्राकाठी सायकल टेकवून कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत होतो. फोन वर्षाचा, म्हणजे माझ्या बायकोचा. एवढंच म्हणाली, "अरविंदराव गेले. मी टॅक्सीत आहे, तू सरळ त्यांच्या घरी, हौगांगला ये." अरविंदराव माझे साडू, वर्षाच्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईंचे यजमान. हृदयाचं दुखणं जुनं होतं, मध्यंतरी हॉस्पिटलची वारीही झाली होती, तरी घरी आले होते, चालत-फिरत होते, त्यामुळे असं काही होईल हे कोणाच्या मनात नव्हतं. मी पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कुठे बसावं ते न कळून खिडकीपाशी अरविंदरावांच्याच खुर्चीजवळ उभा राहिलो, आणि तेवढ्यात शेजारच्या तिपाईवरचा टॅब वाजला. टिंग. खोलीतल्या सगळ्या माना वळल्या. आणि मी काय करावं? टॅब उचलून वाचला! अमेरिकेतल्या एका खासदाराने कुठल्याशा पोस्ट ऑफिसला कुणा दिवंगत सैनिकाचं नाव द्यावं अशा विधेयकाला पाठिंबा दिला होता. आतल्या खोलीत माणूस निजलेला, आणि मी त्याची मेल वाचतोय... कानाच्या पाळ्या तापल्या. टॅब पालथा घालून ठेवला. पण तो खासदार कोण, ते त्या खोलीत मला आणि ताईंनाच ठाऊक होतं, आणि ताईंनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून विसरता येत नाही.

अरविंदराव सिंगापूरला आले ते शिपयार्डमधल्या नोकरीवर, आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. पीआर, म्हणजे नुसते कायम रहिवासी, असल्यामुळे इथे मत नाही, आणि भारतातल्या मतदारयादीतून नाव केव्हाच उडालेलं. मी त्यांना चिडवायचो, "अरविंदराव, जगात तुमचं मत विचारणारं कोणी नाही, घरातसुद्धा नाही." ते मान डोलवून हसायचे. मोठा मिस्कील माणूस. इथल्या आमच्या मराठी मंडळाचे ते बरीच वर्षं चिटणीस होते, आणि सभेचे नियम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वार्षिक सभेत ठराव मांडला की त्याला सूचक हवा आणि अनुमोदक हवा. सूचक सापडणं कर्मकठीण. अनुमोदक मात्र हातात सामोशाची बशी धरून उभ्या उभ्या मिळायचा. मी मंडळात आयुष्यभर ज्या काही ठरावांना हातभार लावला तो असाच, बशी न ठेवता. "आमचे साडू जन्मजात अनुमोदक," असं ते चारचौघांत सांगायचे, आणि त्यावर सगळ्यात मोठ्यांदा मीच हसायचो.

त्यांची एकुलती एक मुलगी मनू. इथल्या शाळेत शिकली, पुढे अमेरिकेत गेली, तिथेच नोकरीला लागली. कंपनीने तिच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला त्या आठवड्यात आम्ही सगळे हौगांगच्या फ्लॅटमध्ये जेवायला होतो आणि मनू व्हिडिओ कॉलवर. अरविंदरावांनी विचारलं, किती दिवसांत होईल? ती म्हणाली, दिवस कसले बाबा, इंडियाची रांग इतकी लांब आहे की माझे केस पिकतील. ते म्हणाले, "पण तू सिंगापूरची ना? जन्मभर इथे वाढलीस." तेव्हा ती अगदी सहज बोलून गेली, "बाबा, दे डोंट आस्क व्हेअर यू ग्रू अप लाह. जन्म कुठे झाला ते बघतात. माझा मिरजेचा. इथे झाला असता तर कार्ड ऑलरेडी हातात असतं." आम्ही हसलो. मिरज ताईंचं माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात काय विशेष? सातव्या महिन्यात ओटी भरून ताईंना विमानात बसवलं होतं, बाळ-बाळंतीण परत आली तेव्हा मनू पालथी पडायला लागली होती. मी आपला नेहमीसारखा सुटलो, "घ्या, मिरजेच्या डिंकाच्या लाडवांनी अमेरिकेचा रस्ता अडवला!" पुन्हा हशा. अरविंदराव मात्र हसले नाहीत. ताटातला भात चिवडत म्हणाले, "मी पाठवलं तिला. ही नको म्हणत होती, मीच पाठवलं." ताई आमटी वाढत होत्या.

त्या दिवसापासून त्या माणसाला लाजेने जे धरलं ते सोडलं नाही. लाज हा शब्द मी विचार करून वापरतोय. त्यांना वाईट वाटत होतं असं म्हटलं तर ते फार सौम्य होईल. मुलीला जन्माआधीच चुकीच्या रांगेत उभं केलं, असं ते खरोखर मानत होते, आणि मनूचा फोन आला की आधी घसा खाकरायचे. मग त्यांना कळलं की देशवार रांगा काढून सगळ्यांची एकच रांग करावी असं एक विधेयक तिथल्या संसदेत आहे. झालं. मनू राहते त्या भागाचा खासदार कोण ते त्यांनी शोधलं, आणि तो कोणती विधेयकं मांडतो, कोणत्यांना पाठिंबा देतो ते दाखवणाऱ्या पानावर स्वतःची मेल नोंदवून टाकली. खासदाराने काही केलं की टॅब वाजायचा. टिंग झालं की ते चष्मा शोधायचे आणि तो सापडेपर्यंत जवळच्या माणसाला विचारायचे, "बघा बघा, सूचक की अनुमोदक?" कारण त्या पानावरही तशाच दोन याद्या होत्या, स्वतः मांडलेली आणि नुसतं नाव घातलेली. आमचा खासदार बहुतेक वेळा अनुमोदक निघायचा. मधमाश्यांचं संरक्षण, अनुमोदक. कुठल्या शाळेच्या संघाचं अभिनंदन, अनुमोदक. "हाही सामोसेवालाच," अरविंदराव म्हणायचे, आणि आम्ही दोघं खो खो हसायचो.

पण चेष्टेच्या आड काहीतरी चालू होतं. ते 'आमचे साहेब' म्हणायला लागले. "आमच्याकडे पूर आलाय" म्हणाले की तो पूर मनूच्या जिल्ह्यातल्या नदीला आलेला असायचा, जी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. कुठेच मत नसलेल्या माणसाला असा एक मतदारसंघ मिळाला. पत्र लिहायची फार इच्छा, पण तिथे स्थानिक पत्ता लागतो, म्हणून मनूच्या मागे लागून तिच्याकडून लिहवून घेतलं. छापील उत्तर आलं, आपल्या मताबद्दल आभार. ते त्यांनी ताईंना दोनदा वाचून दाखवलं. आणि एका सकाळी खासदाराचं नाव खरोखरच त्या रांगेच्या विधेयकाखाली आलं. अनुमोदक म्हणून का होईना, आलं! पुढे काही महिन्यांनी विधेयक खालच्या सभागृहात भरघोस मतांनी मंजूर झालं. मला ऑफिसात फोन. "झालं हो! झालं पोरीचं काम!" आणि त्यांनी ते केलं जे फक्त आपलाच माणूस करील. लिटिल इंडियात जाऊन पेढे आणले आणि आपल्या मजल्यावर दारोदार वाटले, शेजारच्या अंकल लिमपासून कोपऱ्यातल्या मलय आजींपर्यंत. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. मी दोन पेढे खाल्ले आणि म्हणालो, अभिनंदन. वरचं सभागृह अजून बाकी आहे हे मला पुसटसं माहीत होतं. पण ते विचारायची ती वेळ नव्हती, आणि खरं सांगायचं तर, मला वाटलं, होईल की.

झालं नाही. वरच्या सभागृहाने वेगळाच मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ काही बसला नाही, मुदत संपली. तिथे दोन वर्षांनी सभागृह नव्याने भरतं तेव्हा अर्धवट राहिलेली सगळी विधेयकं आपोआप मरतात, हे अरविंदरावांना टॅबवर वाचून कळलं. सभेचे नियम कोळून प्यायलेल्या चिटणिसाला हा नियम माहीत नव्हता! एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर लिफ्टची वाट बघत असताना अंकल लिम आले आणि आनंदाने म्हणाले, "अंकल, युअर डॉटर सिटिझन ऑलरेडी आह?" अरविंदराव नुसते हसले, हात हलवला, आणि खिसा चाचपून घरी काहीतरी विसरल्यासारखं करून परत फिरले. पुढे ते लांबच्या टोकाची लिफ्ट वापरायला लागले. दुखऱ्या छातीने तो अख्खा व्हरांडा चालत जायचे, लिफ्टपाशी पुन्हा अंकल लिम भेटू नयेत म्हणून. मी ताईंना म्हटलं, त्यांना समजवा ना. ताई म्हणाल्या, "मी काय समजावणार..." आणि आत गेल्या.

विधेयक पुन्हा मांडलं गेलं. या खेपेला आमच्या साहेबांचं नाव खाली नव्हतं. अरविंदराव रोज बघायचे. साहेबांबद्दल वाईट शब्द मात्र काढू द्यायचे नाहीत. "कामं असतात हो त्यांना." अरविंदराव हॉस्पिटलात होते तेव्हा मनू यायचं म्हणत होती. पण तिथून बाहेर पडलं की परत शिरायला व्हिसाचा नवा शिक्का लागतो, आणि तो मिळेपर्यंत नोकरी टिकेल याची खात्री नाही. त्यांनीच फोनवर निक्षून सांगितलं, येऊ नकोस, मी ठणठणीत आहे. फोन ठेवल्यावर भिंतीकडे वळून म्हणाले, "मी हिला तिकडे पाठवली नसती, तर आज पोर विमानात बसली असती." हे तिकडे म्हणजे मिरजेला. ताई उशाशी बसून संत्रं सोलत होत्या. मनूने बापाचा मंडाईच्या दहनगृहातला अंत्यविधी तिकडून व्हिडिओवर पाहिला. फोन धरायचं काम माझ्याकडे होतं. तो सारखा तिरका होत होता, आणि तिला बराच वेळ छतच दिसलं असणार.

आता हे लिहितोय ते मध्यंतरीच्या एका शनिवारमुळे. ताईंनी बोलावलं होतं, टॅब सारखा वाजतो, बंद करून द्या. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो, अरविंदरावांचा चष्मा बाजूला सरकवला आणि न वाचलेल्या मेल उघडल्या. त्यात एक होती... आमच्या साहेबांनी रांगेच्या विधेयकाखाली नाव घातलं होतं. अरविंदराव गेल्यानंतर. मी ताईंना सांगितलं. त्यांनी पटकन विचारलं, अगदी अरविंदरावांच्याच सुरात, "सूचक की अनुमोदक?"

"अनुमोदक."

"यांच्यासारखंच मग," ताई म्हणाल्या. मला कळलं नाही. त्या जमिनीकडे बघत बोलत होत्या. "मिरजेला जायचा हट्ट माझा होता. हे नको म्हणत होते. इथलं हॉस्पिटल चांगलं आहे, मी रजा काढतो, म्हणत होते. मला आई हवी होती. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे ते हो म्हणाले. त्या दिवशी जेवताना तुम्ही सगळे हसलात आणि माझं तोंड उतरलं, ते त्यांनी पाहिलं. म्हणून म्हणाले, मी पाठवलं. मला वाटलं, रात्री बोलू. मग वाटलं, उद्या बोलू. आणि ते त्यांना इतकं खरंच वाटायला लागलं की... मला लाज वाटायची हो तोंड उघडायची."

डिंकाच्या लाडवांचं मीच बोललो होतो. ताईंचं ते उतरलेलं तोंड मी नव्हतं पाहिलं. मी माझा विनोद किती छान झाला ते पाहत होतो.

ताई म्हणाल्या, मनूला फोन लावा, आत्ताच. मी लावला. त्या खुर्चीत बसल्या, त्यांनीही घसा खाकरला, आणि सरळ सांगितलं, "मनू, मिरजेला जायचा ठराव माझा होता. बाबांनी नुसतं अनुमोदन दिलं." मग मनू म्हणाली, "आय नो, आई. आजीने सांगितलं होतं मला लहानपणी, तू कशी रडून आलीस ते. मला वाटलं, बाबा तुझ्यासाठी करतायत, तर लेट हिम." आणि मग तिचा बांध फुटला. "बट आय शुड हॅव टोल्ड हिम ना, आई? एकदा तरी सांगायला हवं होतं ना?" मी टॅब हातात घेऊन खिडकीबाहेर बघत राहिलो.

हे छापायला द्यायचं का, असं मी ताईंना विचारलं. त्यांनी सगळं वाचलं आणि म्हणाल्या, द्या. अंकल लिमना मात्र त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, आमच्या मुलीचं काम अजून झालेलं नाही म्हणून. टॅब बंद केला नाही, तो तिपाईवरच आहे. शनिवारी मी गेलो की साठलेल्या मेल वाचून दाखवतो. प्रत्येकीला ताई विचारतात, सूचक की अनुमोदक? बहुतेक वेळा अनुमोदकच निघतो, आणि आता त्यावर आम्हा दोघांपैकी कोणीच हसत नाही.