मानमोडी, जवाईबापू आणि आमचे मोठेबाबा

मोठेबाबा बर्ड फ्लूनं गेले नाहीत.

आज वर्ष झालं, तरी नेहरू नगरात कोणी ना कोणी विचारतंच, "वो मुर्गीवाले अंकल? बर्ड फ्लू हुआ था ना उनको?"

नाही भाऊ. माझ्या बाबांचे थोरले भाऊ, प्लांटमधून रिटायर, वय झालेलं. दुपारी पोटभर जेवले, खाटेवर आडवे झाले, उठलेच नाहीत. हार्ट. बस.

असं मरण मलापण पाहिजे. आधी थोडं फिरून घेतो.

तर ती कोंबडीची गोष्ट.

त्या हिवाळ्यात मी रसमड्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून घरी आलो होतो. काऊन सोडली? शेडमध्ये गरम व्हायचं, की सुपरवायझर... जाऊ द्या. भूक लागली होती, हे पक्कं आठवते.

आणि घरी जवाईबापू आलेले. मोठेबाबांचे जावई, ताईचे मिस्टर, लग्नानंतर पहिल्यांदा. आमच्यात जावई आला की कोंबडी कापतात. बाजारची नाही, घरची.

घरामागे मोठेबाबांच्या कोंबड्या होत्या. आणि एक कोंबडा, भोंगा. प्लांटच्या भोंग्याआधी हाच वाजायचा, म्हणून ते नाव. मोठेबाबांचा लाडका.

सकाळी पाहतो तर एक कोंबडी मरून पडलेली. दुसरी मान टाकून बसलेली, तुरा निळा.

आता आमच्याकडची सवय सांगतो. कोंबडी झुकली की मरायच्या आधी कापायची. वाया कशाला घालवायची? गावापासून असंच चालत आलेलं.

मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, मसाला वाटत होती. मी सुरी घेऊन वाकलो.

"हात नको लावू बे!"

मोठेबाबा इतके जोरात ओरडले की भोंगापण चूप.

"मानमोडी हाय ते!"

मला वाटलं शिवी दिली. खरंच. आमची मराठी घरातल्या घरातच, बाहेर सगळं हिंदी, त्यात हा शब्द कधी ऐकलेला नाही.

मग जवाईबापूंसमोर त्यांनी सांगितलं. त्यांच्या आज्याच्या काळात माणसांना ताप यायचा, मान टाकायचे, जायचे. घरंच्या घरं रिकामी झाली. ती मानमोडी. कोंबड्या तशाच मरतात, तीपण मानमोडी.

"कोंबडीले अन् माणसाले नाव एकच. उगाच पडलं का?"

जवाईबापू हसले. "बाबा, चांगलं शिजवलं की काही होत नाही. टीव्हीवर सांगून राहिले."

"शिजल्यावर नाही होत. पण कापणार कोण? पिसं काढणार कोण? हा पोट्टाच ना? याच्या नाकातोंडात गेलं तर? याची मान मोडून तुमचा मान नाही ठेवत मी."

मोठीआई भडकली. "मग जवाईबापूच्या ताटात काय वाढू? तुमचं डोकं?"

"पिठलं वाढ."

नव्या जावयाला पिठलं. ताई दोन दिवस बापाशी बोलली नाही.

मोठेबाबांनी पशुवैद्यकीयला फोन लावला. पांढऱ्या सूटमधले लोक आले, नमुने घेतले.

"दादाजी, क्या लगता है आपको?" त्यांच्यातल्या डॉक्टरांनी विचारलं.

"मानमोडी."

"वो क्या होता है?"

"जो ढूंढने आए हो, वही."

डॉक्टर समजावत बसले. मुर्गीची मानमोडी म्हणजे राणीखेत रोग, तो वेगळा. बर्ड फ्लू वेगळा. माणसाला क्वचित होतो, पण झाला तर जीवावर बेततो. आजारी पक्षी हाताळला की धोका.

"अलग रहने दो. हाथ तो नहीं लगाना है ना?"

"बिलकुल नहीं."

"बस."

रिपोर्ट आला. बर्ड फ्लूच.

म्हणजे नियमानं उरलेल्या सगळ्या कोंबड्या मारणार. भोंगापण.

भोंगा तर ठणठणीत दिसत होता. मोठीआई हळूच म्हणाली, "त्याले तरी आतल्या खोलीत ठेवा."



मोठेबाबा म्हणाले, "गल्लीत लेकरं हायेत."

दारातूनच त्यांनी कोंबड्या न्यायला आलेल्या सूटवाल्याला सांगितलं, "उसका नाम भोंगा है."

"जी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबा पहिल्यांदा उशिरा उठले.

हेल्थवाले रोज ताप मोजायला यायचे. घरात कोणाला साधी शिंकपण आली नाही. पण मोठेबाबांना सवय लागली. मी नंदिनी नगरात मित्राकडे पडून असलो तरी फोनवर पहिलं वाक्य तेच.

"हात धुतले काय बे?"

"मोठेबाबा, इथं कोंबडीच नाही!"

"धुतले काय ते सांग."

पुन्हा कोंबड्या पाळायची परवानगी मिळाली, तेव्हा जवाईबापू स्वतः गोंदियाहून कोंबडा घेऊन आले. मोठेबाबा दिवसभर त्याच्यामागे. नाव? भोंगाच. पुढे घरच्या कोंबड्या झाल्यावर जावयाला जो रस्सा मिळाला, वा! मी तीनदा वाढून घेतला.

आज वर्षश्राद्धाला जवाईबापू आले. मोठीआईनं विचारलं, "काय करू तुमच्यासाठी?"

म्हणाले, "पिठलं."

मोठीआई रडली पण आणि हसली पण.

मागे नवा भोंगा भलत्याच वेळी ओरडत होता. पान वाढलं. मी बसता बसता उठलो, नळावर गेलो, साबण लावला, मग येऊन जेवलो.

हात धुतले, मोठेबाबा.

भरल्या पोटानं नमस्कार.