हिरव्या लुगड्यातली बाई

"ती हिरव्या लुगड्यातली बाई कोन, तेवढं सांगा. मग म्या कुटंबी अंगठा देते," सुभद्रा म्हणाली.

तिचा नवरा हरिबा समोर मान खाली घालून बसला होता. त्याचे वकील काझीसाहेब छताकडे बघत होते. मी सुभद्राची वकील. उस्मानाबादच्या कोर्टात तेव्हा काळा कोट घालणारी मी एकटीच बाई. त्यामुळे नवऱ्यावर चिडलेली बाई सरळ माझ्याच दारात यायची.

कोर्टात तारखा घेत बसण्याआधी दोघांना एका टेबलाशी बसवायचं आणि चहा पाजून बोलतं करायचं, हा उद्योग माझा आणि काझीसाहेबांचा. आम्ही त्याला सेटलमेंट मीटिंग म्हणायचो. बाररूममधले लोक आम्हाला मध्यस्थ मामा-मामी म्हणून चिडवायचे. चिडवू देत.

भांडण असं. दुष्काळात सुभद्रानं छावणीत, म्हणजे जनावरांच्या सरकारी तळावर, राहून म्हैस जगवली होती. पुढे गावात दूध सोसायटी निघाली. मेंबर मीच होणार, असं तिचं म्हणणं. हरिबा म्हणाला, "बाईच्या नावावर दूध? गाव हसंल." ती तडक अणदूरला माहेरी निघून गेली.

राग निवून ती परत निघणार, तोच सासरहून निरोप आला. हरिबाच्या गोठ्यात पहाटे एक बाई बसते. तोंडावर पदर, अंगावर हिरवं लुगडं. लुगडं सुभद्राचंच. झालं! तिनं घटस्फोट मागितला आणि सोबत म्हैसही.

"हरिबा, कोण आहे ती?" मी विचारलं.

"कुनी न्हाय."

"मग गोठ्यात कोण बसतं?"

"कुनी न्हाय म्हन्लं की, बाई. सोडचिठ्ठी पायजे तर घ्या म्हनावं."

बायको गेली तर चालेल, पण नाव सांगणार नाही! माझं डोकं फिरलं. सुभद्रा पदरानं डोळे पुसत होती आणि मला त्या माणसाला खुर्चीसकट बाहेर काढावंसं वाटत होतं. मी परस्परसंमतीचा अर्ज टाईपला द्यायचं ठरवलं. म्हणजे, आम्हाला वेगळं व्हायचंय असं दोघांनी मिळून कोर्टाला लिहून द्यायचं. कायद्यात ही सोय तेव्हा नवीच होती.

बाहेर व्हरांड्यात काझीसाहेबांना गाठलं.

"तुम्हाला माहीत आहे ती कोण ते."

"आहे ना."

"मग सांगा."

"बाईसाहेब, अशिलानं खासगीत सांगितलेलं वकिलानं फोडायचं नसतं. ज्युनिअर लोकांना तुम्हीच लेक्चर देता." ते मिशीत हसत होते. "पण तुम्ही म्हैस मागताय. मग आधी जनावर बघून घ्या. आणि बघायचं तर धारेच्या वक्ताला."

दुसऱ्या दिवशी काझीसाहेबांच्या मेहुण्याच्या जीपमधून सुभद्राला घेऊन आम्ही येडशीच्या पुढे हरिबाच्या गावी पोचलो. नुकतं उजाडत होतं. गोठ्याचं दार लोटलेलं. आतून बादलीत धारा पडल्याचा आवाज. सुभद्रानं दार ढकललं. समोर हिरवं लुगडं! नाकापर्यंत पदर, गुडघ्यांत बादली.

"कोन गं तू भवाने?" सुभद्रानं पदर खस्सकन ओढला.

पदराखाली हरिबाच्या मिशा होत्या.

म्हैस मात्र सुभद्राचा आवाज ऐकून मोठ्यानं रेकली.

"काय करू?" हरिबा बसल्या जागेवरून म्हणाला. "तू गेल्यापास्नं कासंला हात लावू दीना. लई लाथा खाल्ल्या. तुजं लुगडं नेसलं तवा कुटं पान्हा सोडला."

तिथं मला समजलं. धार काढणाऱ्या बाईचीच सवय लागली की म्हैस दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. मग ती बाई गावाला गेली की घरातला बाप्या तिचं लुगडं नेसून बसतो. सुभद्राला हे ठाऊक होतं. पण ज्यानं कधी पाण्याची घागर उचलली नाही तो निऱ्या घालेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"अरे, मग सांगायचं ना!" मी ओरडले.

"गाव हसलं असतं, बाई."

"आणि लोक बाई ठेवली म्हणत होते ते?"

"त्याला न्हाय हसत कुनी."

काझीसाहेब रुमालात तोंड घालून खोकत होते.

"यवढी हौस कशापाय केली?" सुभद्रानं विचारलं. "आटू द्यायची हुती."

"दूध तुटलं तर मेंबरकी मिळत न्हाय. सोसायटीत तुजं नाव सांगितलंया म्या. अंगठा तेवढा तुजा ऱ्हायलाय."

सुभद्रानं त्याला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ती म्हणाली, "निऱ्या उलट्या घातल्यात तुमी," आणि हसत हसत तिथंच शेणात बसली. बादली तिनं आपल्याकडे ओढून घेतली.

त्याच दिवशी तिनं अंगठा दिला, सोसायटीच्या कागदावर. माझा अर्ज टाईपच झाला नाही.

तेव्हापासून नवरा-बायकोचं कुठलंही भांडण आलं की मी आधी विचारते, घरात दुभतं जनावर आहे का आणि धार कोण काढतं? ज्युनिअर हसतात. पुढे सुभद्रा सोसायटीच्या कमिटीवर गेली. तिची मीटिंग असली की हरिबा हिरवं लुगडं नेसून धारेला बसायचा. गोठ्याचं दार मात्र तेव्हा सताड उघडं असायचं.