लोहाच्या गोळ्या

माझी नात दोन वर्षं पोलीस भरतीसाठी पळत होती. वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. यंदा लागली नाही तर लग्न, असं माझ्या मुलाने तिला बजावलं होतं. म्हणून ती सकाळ-संध्याकाळ बोरी अरबच्या रस्त्यावर पळायची. एक दिवस सुट्टी नाही.

तीन महिने तिची पाळी आली नाही. मी सरळ विचारलं, "पोट राह्यलं का वं तुले?"

"पयण्यातून टाइम भेटला त लफडं करीन ना आजी," ती म्हणाली.

हसली, पण तेवढ्यानेही तिला दम लागला. मग तिला दारव्ह्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, त्यात लोह फार कमी निघालं. बाई म्हणाल्या, थोडं घामातून जातं, आणि पाय आपटून आपटून रक्तातले लाल कणही फुटतात. शिवाय, शेतात साप दिसला की छाती धडधडते, तेव्हा अंगात एक रस सुटतो. हिच्या अंगात तो रोजच सुटतो आहे. शरीराला वाटतं जिवावर बेतलं. मग ते पाळी बंद करतं, हाडं ठिसूळ होतात. सहा आठवडे पळणं बंद, आणि रोज लोहाच्या गोळ्या.

भरतीचं ग्राउंड, म्हणजे पळण्याची परीक्षा, वीस दिवसांवर होतं. ती थांबली नाही, मीही थांबवलं नाही. कापूस वेचायच्या दिवसांत माझीही पाळी चुकायची. त्याला आम्ही आजार म्हणत नव्हतो. गोळ्या मात्र मी माझ्या हाताने दिल्या, ती पळून आली की कडक चहासोबत.

ग्राउंडवर दुसऱ्या फेरीत तिच्या नडगीचं हाड तडकलं.

प्लास्टर घातल्यावर पुन्हा बाईंकडे गेलो. लोह होतं तिथेच.

"गोळ्या कशासोबत देत होत्या, आजी?"

"चहासंग. काहून?"

"चहासोबत लोह अंगाला लागत नाही."

नात शेजारीच बसली होती. "जाऊ दे बुढे, तुले काय मालूम," म्हणाली.

बाई म्हणाल्या, वीस दिवसांच्या गोळ्यांनी हाड वाचलं नसतं, विश्रांतीच हवी होती. ते ऐकून मला बरं वाटलं नाही. विश्रांती घे, हे मीच म्हटलं नव्हतं.

प्लास्टर निघालं, पण ती पाय ओढत चालते. रविवारी पुसदचे पाहुणे तिला पाहायला येणार आहेत. चाल दिसू नये म्हणून ते यायच्या आधीच तिला पाटावर बसवून ठेवायचं, असं सुनेने ठरवलं. मी हो म्हटलं.