भागाबाईचा आवाज

आमच्या सात पिढ्यांचा इतिहास मला तोंडपाठ आहे. फक्त त्यातल्या चार पिढ्या चुकीच्या आहेत, असं भागाबाईचं म्हणणं होतं. (भागाबाई म्हणजे माझी बायको. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता घरात मला कुणी चूक म्हणत नाही. लय शांत वाटतं. नको इतकं.)

पुण्याचा लेक फोनवर म्हणाला, "दादा, माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट हाय ना? उरलेल्या रिळात तुमी घराण्याचा इतिहास सांगितला व्हता. त्यात आईचा आवाज असंल. पेन ड्राईव्हमंदी उतरवून घ्या."

ट्रंकेतून कॅसेट काढली, उपरण्यात गुंडाळली आन एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, लेकरू हाय का काय?"

"बायको हाय!"

त्यानं एकच तिकीट फाडलं आन पुढं सरकला.

जिंतूरच्या स्टुडिओवाल्यानं कॅसेट लावली. पडद्यावर मी! फेटा, पिळलेल्या मिशा! "आमच्या खापरपणजोबानं नुसत्या काठीनं वाघ मारला..."

पडद्यावर माझ्या मागं उभी भागाबाई: "आवो, तसं न्हाई..."

खट्! पुन्हा मी. "आमी मूळचे गोदाकाठचे..."

"आवो, तसं न्हाई, मामंजी म्हणायचे..."

खट्!

असं दहा-बारा वेळा झालं. स्टुडिओवाला म्हणाला, "बाबा, कॅसेट खराब हाय. काकू बोलायल्या की तुटायलीय."

"कॅसेट चांगली हाय! तुमची मशीनच खराब!"

"मशीन काय काकूलाच वळखते व्हय?"

"पुसा मशीन! आवाज वाढवा! पुन्हा लावा!" मी दुकान डोक्यावर घेतलं. चार गिऱ्हाइकं जमली. बिचाऱ्यानं मशीन पुसली, आवाज वाढवला. भागाबाई म्हणाली, "आवो, तसं न्हाई..." आन खट् व्हायच्या आत सगळ्या दुकानात कॅसेटमधला माझाच आवाज घुमला: "अरे शूटिंगवाल्या, बाई बोलायली की बंद करत जा! रीळ वाया जायलीय!"

गिऱ्हाइकं खदाखदा हसली. मी फेटा नीट केला. (तो सुटला नव्हता.)

स्टुडिओवाल्यानं हळूच विचारलं, "मग काय करू, बाबा?"

"मला काढून टाका."

"सगळं?"

"सगळं. तिचं तेवढं ठिवा."

तासाभराच्या इतिहासातून दीड मिनिट निघालं.

आता रोज दुपारी जेवण झालं की पेन ड्राईव्ह टीव्हीला लावतो. भागाबाई म्हणते, "आवो, तसं न्हाई..." मी टीव्ही थांबवतो. म्हणतो, "बरं बाई, माझं चुकलं. खरं काय ते सांग. वाघ व्हता का दुसरंच काई?"

ती उघड्या तोंडानं नुसती बघत राहते. मला वाटलं, अजून रुसलीय. चार दिवसांनी डोक्यात उजेड पडला: जन्मात पहिल्यांदा तिला बोल म्हणायलोय, आन बटण दाबून तिला गप्प मीच केलंय!